आईला कुशीवर कोणी वळवायचं होतं?

आईच्या पाठीखाली हात घातला आणि बोटं ओली झाली. मला वाटलं, पाणी सांडलं असेल.

१९ फेब्रुवारी २०२३, रविवार, महाशिवरात्रीचा दुसरा दिवस. डिचोलीहून अस्नोडामार्गे म्हापशाला कदंबच्या बसने आणि तिथून रिक्षाने मी तिला भेटायला तिच्या वृद्धाश्रमात गेले होते. डब्यात मऊ पेज होती आणि चवीपुरतं तोरांचं लोणचं. खोलीत एकाच वेळी तीन अगरबत्त्या जळत होत्या, तरी त्या धुराखालून दुसराच वास येत होता. आई उताणी पडलेली, छातीपर्यंत चादर, चादरीच्या कडा गादीखाली घट्ट खोचलेल्या. तिला जरा बसवावं म्हणून मी हात घातला तर ती ओरडली. अर्धांगवायूनंतर तिचे शब्द अडखळत यायचे. त्या दिवशी अगदी स्पष्ट आले, "दुखता गो बाय."

चादर काढली. गाऊन पाठीला चिकटला होता. तो पाण्याने भिजवत भिजवत सोडवायला मला दहा मिनिटं लागली. माकडहाडाच्या जागी माझी मूठ जाईल एवढा खड्डा होता. कडा काळ्या पडलेल्या, आत पिवळट आणि तळाशी पांढरं काहीतरी. ते पांढरं म्हणजे हाड, हे संध्याकाळी बांबोळीला डॉक्टरांनी सांगितलं तेव्हा कळलं.

मागच्या रविवारी, १२ तारखेला, मला सकाळीच फोन आला होता की आज स्टाफ कमी आहे, भेटायला येऊ नका. त्याच्या आधीच्या रविवारी मी गेले होते. आई चादरीत होती, माझ्याकडे बघून हसली होती आणि मी तिची पाठ बघितली नव्हती. का बघितली नाही, हे मी अजून स्वतःला विचारते.

१०८ ला फोन केला. गाडी बारा वाजून वीस मिनिटांनी आश्रमाच्या फाटकातून निघाली. ही वेळ पुढे फार कामाला आली, म्हणून मुद्दाम लिहून ठेवते.

गोमेकॉत, म्हणजे बांबोळीच्या गोवा मेडिकल कॉलेजात, केसपेपरवर लिहिलं गेलं: सॅक्रल प्रेशर अल्सर, म्हणजे पडून राहिल्याने माकडहाडापाशी झालेली जखम, ग्रेड ४, म्हणजे सर्वांत खोल, नऊ बाय सात सेंटिमीटर. शरीरातलं पाणी आटलेलं, रक्तातलं सोडियम वाढलेलं, अल्ब्युमिन हे रक्तातलं प्रथिन खाली गेलेलं. ड्यूटीवरच्या तरुण डॉक्टरीणबाईंनी मला बाजूला बसवून समजावलं. माणूस एकाच अंगावर पडून राहिला की हाड आणि गादी यांच्यामध्ये मांस चेपलं जातं, तिथलं रक्त थांबतं आणि मांस मरतं. पहिल्या टप्प्यात कातडी फक्त लाल होते आणि बोटाने दाबली तरी लाली जात नाही. तेव्हाच कुणी बघितलं आणि दर दोन तासांनी कुशीवर वळवलं, डायपर वेळेवर बदलला, पोटात नीट गेलं, तर बहुतेक वेळा तिथेच थांबतं. "हे एका रात्रीत होत नाही, बाई," त्या म्हणाल्या. हे वाक्य मी त्याच रात्री मोबाइलमध्ये टिपून ठेवलं. खटल्याचा विचार तेव्हा डोक्यातही नव्हता. कुणीतरी हे बघायला हवं होतं आणि बघितलं नाही, एवढंच डोक्यात घुमत होतं.

आई आश्रमात कशी गेली तेही सांगायला हवं. जून २०२२ मध्ये तिची उजवी बाजू गेली. बाबा नाहीत. दादा पुण्याला, मी शाळेत शिकवते आणि घरी सासूबाईही अंथरुणाला. प्रोव्हेदोरिया या सरकारी संस्थेचे आश्रम गोव्यात पोर्तुगीज काळापासून आहेत, पण तिला चोवीस तासांची शुश्रूषा हवी होती. म्हणून आम्ही बार्देशातलं एक खासगी ठिकाण निवडलं. त्यांच्या छापील माहितीपत्रकात सव्वीस खाटा, प्रशिक्षित नर्स, डॉक्टरांची साप्ताहिक भेट, असं सगळं होतं. अनामत पन्नास हजार आणि महिन्याला अठ्ठावीस हजार. १ सप्टेंबरला तिला तिथे ठेवलं. प्रवेशाचा अर्ज इंग्रजीत होता, चार पानी, आणि शेवटच्या पानावर लिहिलं होतं की निवासी व्यक्तीला काही झाल्यास संस्था जबाबदार राहणार नाही. दादाने सही केली. आईची पिशवी हातात, व्हीलचेअर दारात; त्या घडीला कोण वाचत बसतो?

आपल्याकडे नर्सिंग होम म्हटलं की छोटं हॉस्पिटल डोळ्यांसमोर येतं, बाळंतपणाचं किंवा ऑपरेशनचं. आई होती ते हॉस्पिटल नव्हतं. लोक त्याला आश्रम म्हणतात, चालवणारे केअर होम म्हणतात. हॉस्पिटलमध्ये हलगर्जीपणा झाला तर निदान कुठे जायचं ते चार लोकांना माहीत असतं. इथे कुणाला काहीच सांगता येत नव्हतं. ज्येष्ठ नागरिकांसाठी २००७ चा कायदा आहे. मी तो पूर्ण वाचला. मुलांनी आईवडिलांना सांभाळावं, न सांभाळल्यास न्यायाधिकरणाकडे जाता येतं, आईवडिलांना टाकून दिलं तर तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड, हे सगळं त्यात आहे. सरकारने प्रत्येक जिल्ह्यात निराधारांसाठी आश्रम काढावा असंही आहे. पण खासगी आश्रमाने नोंदणी करावी, इतक्या माणसांमागे इतकी माणसं ठेवावी, याबद्दल मूळ कायद्यात ओळ नाही. डिसेंबर २०१९ मध्ये लोकसभेत एक दुरुस्ती विधेयक आलं होतं, त्यात अशा आश्रमांची नोंदणी आणि किमान दर्जा या दोन्ही गोष्टी होत्या. त्याचा कायदा झाला नाही. मुलांनी सांभाळलं नाही तर काय, ते कायद्याने सांगितलं. पैसे घेऊन सांभाळणाऱ्याने सांभाळलं नाही तर काय, ते मला शोधत फिरावं लागलं.

आई गोमेकॉत तीस दिवस होती. जखम साफ करायला दोनदा ऑपरेशन थिएटरमध्ये नेलं. पाडव्याच्या आदल्या दिवशी आम्ही तिला घरी आणलं, माझ्या घरी. एअर मॅट्रेस घेतली, दिवसाची बाई ठेवली, रात्री मी आणि मिस्टर आळीपाळीने उठायचो. वहिनी पुण्याहून येऊन दीड महिना राहिली.

या तीस दिवसांत एकदा मी पोलीस ठाण्यात गेले होते. तिथले हवालदार वाईट वागले नाहीत, पण कुठलं कलम लावायचं हे त्यांना सुचत नव्हतं. त्यांनी विचारलं, रात्री ड्यूटीवर कोण असायचं? मी त्या मुलीचं नाव सांगितलं. गोव्याबाहेरून आलेली, विशी-बाविशीची पोर. "मग तिच्या नावावर घालूया," ते म्हणाले. मी गप्प बसले. ती मुलगी आईला माई म्हणायची. दिवाळीला मी तिला फराळ दिला होता तर अर्धा तिने आईलाच भरवला. सव्वीस खाटांचं ठिकाण, रात्री ती एकटी. मी म्हटलं, तिचं नाव घालू नका, चालवणाऱ्यांचं घाला. ते म्हणाले, चालवणारे रात्री तिथे नव्हते ना. मी म्हटलं, तेच तर माझं म्हणणं आहे.

शेवटी अदखलपात्र गुन्ह्याची नोंद झाली, भारतीय दंड संहितेच्या कलम ४९१ खाली. हे कलम मला आमच्या वकीलबाईंनी दाखवलं होतं. आजारपणामुळे किंवा दुबळेपणामुळे जो स्वतःचं काही करू शकत नाही त्याची शुश्रूषा करण्याचा करार करून ती जाणूनबुजून न करणारा, असं त्याचं वर्णन. अगदी आमच्यासाठीच लिहिल्यासारखं. शिक्षा तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा दोनशे रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. १८६० चा कायदा आणि रक्कम तेव्हापासून तशीच. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता आली, त्यात हे कलम ३५७ झालं आणि दंड पाच हजारांपर्यंत गेला. पण आमचं प्रकरण आधीचं. शिवाय अदखलपात्र, म्हणजे दंडाधिकाऱ्यांच्या आदेशाशिवाय पोलीस तपासही करू शकत नाहीत. कलम ३३८, म्हणजे निष्काळजीपणाने गंभीर दुखापत, लावता आलं असतं असं वकीलबाईंचं मत होतं. वीस दिवस तीव्र वेदना झाल्या तर ती तेव्हाच्या कायद्याने गंभीर दुखापतच. पण त्या वाटेने गेलं तर आरोपी म्हणून ती मुलगीच उभी राहील, अशी त्यांना भीती होती आणि मलाही. ते आम्ही तिथेच ठेवलं.

मग ग्राहक आयोग.

मला आधी ते पटलं नव्हतं. ग्राहक म्हटलं की मिक्सर, मोबाइल, विमा. आईची पाठ आणि मिक्सर एका रांगेत कसे? वकीलबाईंनी ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ उघडून मला कलम २(११) वाचायला दिलं. सेवेतील त्रुटी म्हणजे काय, तर निष्काळजीपणामुळे, काही केल्यामुळे किंवा न केल्यामुळे ग्राहकाला इजा झाली ते सगळं, आणि द्यायला हवी ती माहिती जाणूनबुजून दडवली तर तेही. त्यातल्या "न केल्यामुळे" या शब्दाशी मी थांबले. आईला कुणी मारलं नव्हतं, ढकललं नव्हतं. काही केलंच नव्हतं, आणि तीच आमची तक्रार होती.

पैसे दादाने भरले, सेवा आईची. कायद्यात पैसे देणाराही ग्राहक आणि त्याच्या संमतीने सेवा घेणाराही. म्हणून तक्रारदार दोघे, आई आणि दादा, आणि मी आईची मुखत्यार. मुखत्यारपत्रावर आईचा अंगठा लागायचा होता. नोटरी घरी आले. आई सातवी शिकलेली, पोस्टातून मनीऑर्डर आली की पेन मागून घेऊन पूर्ण नाव लिहायची, आडनावाखाली एक रेघ मारायची. उजवा हात गेलेला, डावा थरथरत होता. शाईचं पॅड पुढे केलं तर तिने मूठच मिटली. मी तिच्या डाव्या हातात पेन दिलं. तिने तीन मिनिटं घेतली. कागदावर नावाचं पहिलं अक्षर आणि एक लांब तिरकी रेघ उमटली. नोटरीसाहेबांनी तिच्यापुढे घड्याळ बघितलं नाही, हे मी विसरणार नाही. मग त्यांनी समजावलं तेव्हा तिने अंगठाही दिला.

ग्राहक आयोगाच्या ई-दाखिल या ऑनलाइन पोर्टलवर जुलै २०२३ मध्ये तक्रार दाखल झाली. मुदत दोन वर्षांची असते, आमचे पाच महिनेच झाले होते. फी लागली नाही. फी आपण किती भरपाई मागतो यावर नसते, सेवेसाठी किती पैसे दिले यावर असते. आम्ही अनामत धरून दोन लाख अठरा हजार दिले होते आणि पाच लाखांपर्यंत फी माफ. हे माहीत नसल्यामुळे लोक घाबरून रक्कम कमी मागतात, असं वकीलबाई म्हणाल्या. अर्जातल्या त्या "संस्था जबाबदार नाही" कलमावर मला फार लढायचं होतं. पण करारच अन्यायकारक आहे असं म्हणायचं तर ती तक्रार जिल्हा आयोगापुढे चालत नाही, राज्य आयोगाकडे जावं लागतं. म्हणून आम्ही सेवेतील त्रुटीवरच ठाम राहिलो.

नोटीस मिळाल्यावर उत्तराला तीस दिवस, फार तर वरती पंधरा. पंचेचाळीसच्या पुढे एक दिवसही नाही, असं सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने मार्च २०२० मध्ये स्पष्ट केलं आहे. आश्रमाचं उत्तर त्रेचाळिसाव्या दिवशी आलं.

ते उत्तर मी शाळेत मधल्या सुटीत वाचलं आणि पुढचा तास घेऊ शकले नाही. त्यात तीन गोष्टी होत्या. आमची सेवाभावी संस्था आहे, आम्ही पैसे घेत नाही, देणगी घेतो, त्यामुळे तक्रारदार ग्राहकच नाहीत. दुसरं, वय आणि आजार बघता जखम होणं अटळ होतं. आणि तिसरं, मुलांनी आईला टाकून दिलं होतं, कुणी फिरकत नव्हतं आणि आता पैशासाठी हा उद्योग.

शेवटचं मी डिचोलीच्या बाजारात आधीच ऐकलं होतं. मुलगी असून आईला आश्रमात ठेवली. लोक पाठीमागे बोलतात ते सहन होतं. पण सही-शिक्क्यानिशी, परिच्छेद १४ असा क्रमांक घालून लिहिलेलं बघणं वेगळं असतं.

देणगीचं खरं होतं, निदान कागदावर. पावत्या काढून बघितल्या तर प्रत्येक पावतीवर "देणगी" लिहिलेलं. आम्ही कधी लक्षच दिलं नव्हतं. पण देणगी दर महिन्याच्या पाच तारखेच्या आत, दर वेळी बरोबर अठ्ठावीस हजार कशी? दादाच्या बँकेचे सहा महिन्यांचे उतारे लावले. आणि माझ्या फोनवर नोव्हेंबरचा त्यांच्या ऑफिसचा व्हॉट्सॲप मेसेज होता, "या महिन्याची फी आलेली नाही, कृपया भरावी." फी हा शब्द त्यांनीच वापरलेला. १९९५ मध्ये डॉक्टरांच्या संघटनेच्या गाजलेल्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने म्हटलं होतं की काहींकडून पैसे घेऊन आणि काहींना मोफत सेवा देणारं हॉस्पिटलही ग्राहक कायद्याखाली येतं. वकीलबाईंनी त्याचा आधार घेतला. मोबाइलमधल्या मेसेजला आणि फोटोंना तेव्हाच्या पुरावा कायद्याचं ६५ब प्रमाणपत्र, म्हणजे इलेक्ट्रॉनिक पुराव्यासाठी लागणारं प्रमाणपत्र, जोडलं. आता नव्या कायद्यात ते कलम ६३(४) आहे. आयोगात पुराव्याचे नियम तितके कडक नसतात, तरी जोडलेलं बरं.

कुणी फिरकत नव्हतं, याला उत्तर त्यांच्याच दारात होतं. फाटकाजवळच्या टेबलावर भेटीची वही असते, तिच्यात नाव आणि वेळ लिहून आत जायचं. ती वही हजर करा, असा अर्ज आम्ही दिला. कागदपत्रं मागवायचा अधिकार आयोगाला दिवाणी न्यायालयासारखा असतो. दोन तारखा गेल्या, तिसऱ्या तारखेला वही आली. २५ रविवार होते, २१ सह्या माझ्या. दादाच्या पाच. वही हातात घेतली तेव्हा माझंच अक्षर मला वेगळं वाटलं. पहिल्या महिन्यात नीट गोल, पुढे पुढे घाईघाईचं, बस चुकू नये म्हणून.

त्याच अर्जाने त्यांना टर्निंग चार्टही आणावा लागला. कोणत्या रुग्णाला किती वाजता कोणत्या कुशीवर वळवलं त्याचा तक्ता. गोमेकॉच्या वॉर्डातही मी तो बघितला होता, खाटेच्या पायथ्याशी अडकवलेला, वेगवेगळ्या पेनांचा, वेगवेगळ्या सह्यांचा, मध्येच चहाचा डाग पडलेला. आश्रमाचा तक्ता स्वच्छ होता. सकाळी आठ, दहा, बारा, दोन, असा दिवसरात्र, महिनाभर, एकाच निळ्या शाईत आणि एकाच हाताने. मी तो घरी नेऊन जेवणाच्या टेबलावर पसरला आणि पेन्सिलीने एक-एक ओळ बघत गेले, वह्या तपासते तशी. १९ फेब्रुवारीच्या ओळीशी आले. बारा वाजता डावी कूस. दोन वाजता उजवी. चार वाजता पाठ. सहा, आठ, रात्री दहा, सगळं भरलेलं.

बारा वीसला १०८ ची गाडी तिला घेऊन गेली होती.

मी वकीलबाईंना रात्रीच फोन केला. आयोगात साक्षीदाराची उलटतपासणी बहुधा लेखी प्रश्नावलीने होते. आम्ही विचारलं, दुपारी दोन वाजता आपण रुग्णाला कोणत्या खाटेवर उजव्या कुशीवर वळवलंत? उत्तर आलं, सदर नोंद अनवधानाने झाली असावी.

डॉक्टरांच्या मताची अडचण होती. ज्यांनी जखम साफ केली ते सर्जन "निष्काळजीपणा" हा शब्द लिहायला तयार नव्हते आणि मला त्यांचं म्हणणं समजलं. त्यांनी बघितलं ते लिहिलं: आकार, खोली, हाड उघडं आणि अशी जखम व्हायला साधारण किती दिवस लागतात. तेवढं पुरलं. प्रत्येक प्रकरणात तज्ज्ञाचं मत लागतंच असं नाही, वस्तुस्थितीच बोलत असेल तर तिला बोलू द्यावं, असं सर्वोच्च न्यायालयाने २०१० मध्ये एका हॉस्पिटलच्या खटल्यात म्हटलेलं आहे.

मध्ये त्यांनी तडजोडीची तयारी दाखवली. अनामत परत आणि वरती काही रक्कम, अट एकच: हा प्रकार एका कर्मचाऱ्याच्या चुकीमुळे घडला आणि तिला कामावरून काढलं आहे, असं आम्ही मान्य करायचं. दादा थकला होता. पुण्याहून येणंजाणं, रजा. तो म्हणाला, घेऊन टाकूया. मी त्याला आमच्या घरातला हिशेब सांगितला. आईचं वजन तेव्हा बेचाळीस किलो. तिला नीट वळवायचं, चादर ओढून कातडी न घासता, तर दोन माणसं लागतात. वळवायचं, पाठ बघायची, उशी लावायची, डायपर बघायचा, पाणी पाजायचं, यात आमची दहा मिनिटं जायची. आश्रमात अंथरुणाला खिळलेले आठ जण धरले तर एका फेरीला ऐंशी मिनिटं, आणि चाळीस मिनिटांनी पुढची फेरी. रात्रभर. तेही दोघींनी मिळून. ती पोर एकटी होती. तिने काय करायला हवं होतं, सांग. दादा बराच वेळ काही बोलला नाही. मग म्हणाला, बरं.

पण ती एकटी होती हे सिद्ध कसं करायचं? त्यांच्या हजेरीपटात रात्रीला तीन-तीन नावं होती. ती मुलगी तोवर दुसरीकडे कामाला लागली होती. मी तिला एकदा फोन केला. ती रडली, आणि शपथपत्राचं नाव काढताच म्हणाली, "दीदी, मुझे मत बुलाओ." मी पुन्हा फोन केला नाही.

८ जानेवारी २०२३, रविवार, आईचा शहात्तरावा वाढदिवस. मी म्हापशाहून छोटा केक नेला होता. फोटोत आई व्हीलचेअरवर, ओठाला क्रीम लागलेलं, डाव्या हाताने सुरी धरलेली. तिच्या आठवणीसाठी मी तो फोटो नेहमी उघडते. एकदा रात्री उघडला आणि दोन बोटांनी मोठा केला, तिचा चेहरा जवळून बघायला. बोट सरकलं. तिच्या डोक्यामागे भिंतीवर पांढरा बोर्ड होता. आठवड्याचे सात वार आणि वरती "नाइट". सोमवार ते शनिवार, प्रत्येक वारापुढे एकच नाव, त्या मुलीचं. रविवारपुढे दुसऱ्या एकीचं. दोन मजले, सव्वीस खाटा.

जादा शपथपत्र करून तो फोटो आम्ही दाखल केला. त्यांच्या वकिलांनी हरकत घेतली की उशिरा आला. आयोगाने तो घेतला.

आई डिसेंबर २०२४ मध्ये गेली. छातीत कफ झाला होता. पाठीची जखम त्याच्या वर्षभर आधीच भरली होती, तिथे फक्त गुळगुळीत, पातळ कातडी राहिली होती आणि तिला आम्ही शेवटपर्यंत खोबरेल लावायचो. तिच्या जागी वारस म्हणून मी आणि दादा दाखल झालो. आता तक्रारदारच राहिल्या नाहीत तर भरपाई कुणाला, असा मुद्दा समोरून आला. पण कायद्यात ग्राहकाच्या मृत्यूनंतर वारसाला तक्रार चालवता येते, हे कलम २(५) मध्येच आहे.

निकाल जून २०२५ मध्ये लागला. कायद्यात असं प्रकरण तीन महिन्यांत निकाली काढण्याचा प्रयत्न करावा असं लिहिलेलं आहे, आम्हाला तेवीस महिने लागले. माझ्या किरकोळ रजा दोन्ही वर्षं त्यातच संपल्या. आयोगाने सेवेतील त्रुटी मान्य केली. भरलेली सगळी रक्कम परत, उपचार आणि शुश्रूषेचा खर्च, मानसिक त्रासाचे चार लाख आणि खटल्याचा खर्च. आदेशात "संस्था आणि तिचे विश्वस्त, संयुक्तपणे आणि स्वतंत्रपणे" असे शब्द आहेत, म्हणजे पूर्ण रक्कम त्यांच्यातल्या कुणाकडूनही वसूल करता येते. वकीलबाईंनी ती ओळ मला दोनदा वाचून दाखवली. त्या मुलीचं नाव आदेशात कुठेही नाही.

पंचेचाळीस दिवसांच्या आत त्यांनी राज्य आयोगात अपील केलं. अपिलासाठी आदेशातली अर्धी रक्कम आधी भरावी लागते, ती त्यांनी भरली. अपिलात परिच्छेद ९ मध्ये लिहिलं आहे की हलगर्जीपणा झालाच असेल तर तो तत्कालीन रात्रपाळीच्या कर्मचारी महिलेचा होता, संस्थेचा नव्हे. आमच्या उत्तराचं शपथपत्र तयार आहे. परिच्छेद ९ च्या उत्तराला आम्ही तो वाढदिवसाचा फोटो जोडला आहे आणि त्याच्या मागे बोर्डाचा भाग मोठा करून छापलेला दुसरा. वकीलबाई म्हणाल्या, फक्त बोर्ड पुरे, केक कशाला? मी म्हटलं, नको, आई पण राहू दे.